खालच्या भट्टीची जागा

माझ्या पणजोबांनी एका जखमी अमेरिकन वैमानिकाला जर्मनांच्या हवाली केलं, असं आमच्या गावात निम्मे लोक म्हणतात आणि उरलेले मान डोलावतात. ते खोटं आहे, आणि ते मी शोधून काढलं. आधीच सांगून टाकते, कारण गोष्ट पोटात धरून ठेवणं मला जमत नाही.

झालं होतं ते असं. दुसऱ्या महायुद्धात, चव्वेचाळीसच्या मार्चमध्ये, आमच्या डोंगरावर एक बॉम्बफेकी विमान कोसळलं. आत दहा माणसं होती. सहाजणांना पार्टिझानांनी, म्हणजे जर्मनांशी लढणाऱ्या आमच्या बंडखोरांनी, सुखरूप इटलीला पोचवलं. तिघे चर्चच्या आवारात पुरलेले आहेत. दहावा लेलँड, वय एकवीस, मांडीला गोळी लागलेला. त्याला खांद्याचा आधार देऊन आपल्या कोळशाच्या भट्टीकडे नेताना माझ्या पणजोबांना, मातेव्झना, लोकांनी पाहिलं. दोन दिवसांनी मातेव्झ जर्मन चौकीपाशी कोळशाच्या बैलगाडीसकट दिसले. लेलँड मात्र पुन्हा कोणाला दिसला नाही. पुढच्या हिवाळ्यात मातेव्झ वारले, त्यामुळे उत्तर द्यायला कोणी उरलंच नाही.

यंदा चर्चसमोर त्या दहाजणांच्या नावांची स्मृतिशिळा बसणार होती. मजकूर लिहिला होता ब्रेझोवर सरांनी. ते आम्हाला इतिहास शिकवायचे, आता निवृत्त आहेत. लेलँडच्या नावाखाली ओळ होती: 'स्थानिक माणसाने शत्रूच्या स्वाधीन केला.'

नाव लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच काय. आजोबांनी ती ओळ वाचली आणि ताटातले कुट्टूच्या पिठाचे झगांत्सी तसेच ठेवून उठले.

"आजोबा, खाऊन तरी घ्या."

"पोरी, चौऱ्याऐंशीचा झालोय. बापावरचा डाग दगडावर असा कोरलेला बघून मरायचं नाही मला. एवढंच आहे माझं मागणं."

मी त्या रात्री काही केलं नाही. खरंच सांगते, झोपले. पण सकाळी जाग आली तेव्हा डोक्यात एक प्रश्न आधीच येऊन बसला होता.

आम्ही कोळसेवाले. लाकडं रचायची, वर फांद्या आणि माती थापायची, आत विस्तव सोडायचा आणि दोन आठवडे डोळ्यात तेल घालून राखण करायची. मी पाच उन्हाळे आजोबांबरोबर हे केलंय. म्हणून मला एक माहीत आहे: कोळसेवाला आपली जुनी जागा सोडत नाही. जिथे वर्षानुवर्षं भट्टी लागते ती जमीन भाजून कोरडी होते, तिथे लाकूड एकसारखं जळतं. नव्या जागेवर पहिली दोन-तीन वर्षं निम्मा माल वाया जातो.

आणि आमची भट्टी लागते कुठे? वर, उतारावर, ओढ्यापासून लांब. पाणी खांद्यावर वाहून नेताना मी दरवर्षी शिव्या दिल्यात. खाली ओढ्याकाठी मात्र एक सपाट, काळीभोर जुनी जागा रिकामी पडलीय.

"आजोबा, खालची जागा कोणी सोडली?"

"बाबांनी. म्हणाले, जमीन बिघडली, आता इथे विस्तव घालायचा नाही."

"कधी?"

आजोबा कॉफी ढवळायचे थांबले. "मी नऊ वर्षांचा होतो."

म्हणजे चव्वेचाळीस. मी कुदळ घेऊन खाली गेले, आजोबा काठी टेकत मागोमाग. जमीन बिघडते म्हणजे खालून ओल चढते. मी एका कडेला हातभर खणलं. आतली माती राखेसारखी कोरडी, मूठ उघडली की वाऱ्यावर उडणारी.

आजोबांनीही मूठभर घेतली आणि नाकाशी नेली. "ही बिघडलेली नाही," ते म्हणाले. "ही तर सोन्यासारखी आहे."

"मग ते खोटं का बोलले?"

मीच बोलत राहिले. काळी, सारखी उकरली जाणारी माती. तिथे खड्डा खणला तर कोणत्या सैनिकाला कळणार? आणि माणूस पुरलेल्या जागेवर आग कोण पेटवेल?

"आणि काही निघालं नाही तर?" आजोबा म्हणाले. "मग लोक म्हणतील, म्हाताऱ्याने खणून पण बघितलं, हाती काहीच नाही."

"निघेल."

"एवढी खात्री कशावरून?"

"तुमच्याकडूनच शिकलेय ना कोळसा. शिकवण चुकीची असेल तर तसं सांगा."

आजोबा हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदा.

ब्रेझोवर सरांनी दारातच अडवलं. "ब्रिना, वर्गात तीन वर्षांत तू तीन वाक्यं बोललीस. आज काय विशेष?"

"तेव्हाची तीन आणि आजची तीस, सर. आत येऊ?"

तिसाव्या वाक्यापर्यंत सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. "भट्टीच्या जागेवर आम्ही जेवायला बसलो होतो," ते म्हणाले. "विमानाचे तुकडे शोधायला धातूशोधक यंत्रं घेऊन सगळं जंगल फिरलो आणि त्या सपाटीवर सॅंडविच खाल्ले. जळक्या जमिनीत काय शोधायचं, असं वाटलं." मग त्यांनीच राजधानीत फोन लावला.

हाडांवरून माणूस ओळखणाऱ्या डॉक्टर बाई दोन मदतनीस घेऊन आल्या. ब्रशने, चमच्याने, सकाळपासून काम. दुपारी त्यांनी हात वर केला. माणूस सरळ निजवला होता, हात छातीवर जोडलेले. मांडीच्या हाडाला लाकडाच्या दोन पट्ट्या बांधलेल्या, तारेने, नीट. गळ्यातल्या साखळीत बिल्ला, त्यावर लेलँडचं नाव. आणि अंगावर विमानातल्या जाकिटाच्या वरून एक जाड लोकरी कोट, हरणाच्या शिंगाच्या बटणांचा.

आजोबा खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून बसले. "बाबांचा लग्नातला कोट," ते म्हणाले. "आई शेवटपर्यंत भांडली त्यांच्याशी, कुठे घालवलात म्हणून."

डॉक्टर बाई हळूच म्हणाल्या, "हाडाच्या कडा भरू लागल्या होत्या, म्हणजे पट्ट्या बांधल्यावर हा आठवडाभर तरी जगला असणार. कोणीतरी काळजी घेत होतं."

ब्रेझोवर सर टोपी हातात घेऊन आजोबांजवळ आले. "येर्नेय, मी घरी जाऊन लगेच ती ओळ काढतो."

"लगेच नको," आजोबा म्हणाले. "मी येतो. मला बघायचंय."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून ते सरांच्या घरी गेले, मी बरोबर. सरांनी शाईने ओळ खोडली. आजोबांनी कागद खिडकीशी धरला, डोळे बारीक करून पाहिला आणि परत दिला.

"अजून वाचता येतंय," ते म्हणाले. "आणखी एकदा खोडा."