भुजंग परत आला

शिरूर अनंतपाळला आदिनाथच्या पोराचं बारसं होतं. आदिनाथचा बाप भुजंग जाऊन वर्ष व्हायच्या आत मुलगा झाला, त्यामुळे सगळं घर एकच म्हणत होतं, भुजंगदादा परत आले.

आदिनाथची थोरली बहीण उज्वला नांदेडच्या कॉलेजात बौद्ध तत्त्वज्ञान शिकवायची. ती दात आवळूनच आली होती. भाजी खारट झाली म्हणून याच बापानं आईच्या, चतुराबाईच्या, कानशिलात अशी मारली होती की तिचा एक कान कायमचा गेला. आणि आज त्याचंच नाव ठेवायचं होतं.

"हे नाव नको," ती म्हणाली.

"का? दादांचा आत्मा हाय त्याच्यात."

"या अंगातून निघून त्या अंगात शिरणारा आत्मा बित्मा कुणी नसतो, आदिनाथ."

"मग पुनर्जन्म कुणाचा होतो? तूच शिकवतीस न्हवं?"

"कुणाचाच न्हाई. हाव, राग, केलेली कर्मं, एकातून दुसरं उपजत जातं. मेल्यावरबी ते थांबत न्हाई. पुढं जन्मतो तो तोच नसतो, अन् पार येगळाबी नसतो."

"बुकातलं बुकात ठेव." आदिनाथ आत बघून ओरडला, "बबिता! चहा कुठं मेला?"

बाळंतीण बबिता घाईनं आली. कप कलंडला, चहा त्याच्या नव्या सदऱ्यावर सांडला. त्यानं हात उगारला, थेट बापासारखा.

उज्वलानं तो वरच्या वर धरला. "हे बघ, दादा हितं आले! पाळण्यात न्हाई, तुझ्या हातात! आत्मा न्हाई आला, मार आला!" तिचा आवाज फाटला. "अन् हे तोडता येतं. आज तोडलं तर पुढं जन्मणार न्हाई."

"सोड. माझं घर हाय हे."

चतुराबाई उठली. बोलणं तिला धड ऐकू आलं नव्हतं, पण हात दिसला होता. तिनं बाळ उचलून बबिताच्या हातात दिलं.

"भुजंग नाव ठेवायचं न्हाई. अन् परत हात उगारलास तर ह्या दोघांना घेऊन मी नांदेडला जाईन."

"आई, तू बी?"

"त्या टायमालाच बोलले असते, तर तू हे शिकला नसतास."

आदिनाथ हात हिसकून बाहेर ओसरीवर जाऊन बसला. बबितानंच पोराचं नाव सांगितलं, शिवम. बायकांनी बाळाला पाळण्यात घालून पाळणा हलवला.

उज्वला मात्र आपल्या मुठीकडं बघत राहिली. भावाच्या मनगटावर तिच्या बोटांचे वळ उठले होते. मूठ अजून उघडत नव्हती.