चार तास गरम

मातीच्या शिल्पस्पर्धेचा एकच नियम मला दरवर्षी आडवा येतो: शिल्प वापरता येता कामा नये. आणि मी करते घरातल्याच वस्तू! पहिल्या वर्षी माझ्या किटलीतून पाणी पडलं, बाद. गेल्या वर्षी माझ्या बुटात परीक्षकांनी पेनं उभी करून दाखवली, बाद. यंदा मी चंगच बांधला. सासरेबुवांची रबरी शेकायची पिशवी समोर ठेवली आणि हुबेहूब मातीची केली, सुरकुत्यांसकट, बुडाच्या ठिगळासकट. दगडासारखी कडक पिशवी! ती कोण वापरणार?

तोंडाला भोक मात्र ठेवावंच लागलं. आत हवा कोंडली तर भट्टीत फटाका होतो. भोक उघडं बरं दिसेना, म्हणून मातीचंच घट्ट बूच बसवलं. ही माझी हौस.

सासरेबुवांच्या मते माझं काम म्हणजे रिकामपणाचे उद्योग. अकरा वर्षं येता-जाता एकच, "उपयोग काय याचा, सूनबाई?" त्यामुळे स्पर्धेच्या सकाळी ते म्हणाले, "मीही येतो. पिशवी मांडीवर धरतो, फुटायला नको," तेव्हा मी दोनदा विचारलं, "नक्की?" गाडीत त्यांनी ती शालीत गुंडाळून गुडघ्यावर धरली होती. नवऱ्याने आरशातून डोळा मारला. मी पार विरघळले.

दालनात परीक्षकबाई आल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पिशवीभोवती दोन चकरा मारल्या. "वा! बोट लावलं तर दबेल असं वाटतं." बोट लावलं. मग अख्खा तळहात ठेवला. "ही गरम कशी?"

मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने छताकडे.

"गरम असणारच!" सासरेबुवा पुढे सरसावले. "चार तास राहते! रबरी पिशवी गळायला लागली ना, तेव्हापासून महिनाभर हीच अंथरुणात घेतोय. सकाळी पुसून हिच्या फळीवर परत. थेंब गळत नाही. बूच बघा, बूच! आमच्या सुनेने केलंय."

अकरा वर्षांत पहिलं कौतुक, आणि तेही असं नेमकं मुहूर्त गाठून! त्यांच्या पाया पडावं की त्यांचा गळा धरावा, मला कळेना.

"म्हणजे वापरता येते," म्हणत बाईंनी वही उघडली. नवऱ्याने वडिलांच्या कानात नियम सांगितला. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"अहो बाई, थांबा! काडीचा उपयोग नाही हिचा. मी उगाच फुशारकी मारली. गुडघा तसाच दुखतोय, हे बघा!" आणि ते लंगडायला लागले, नेमके चांगल्या पायाने. "गरम झालीय ती उन्हाने."

दालनाला एकही खिडकी नव्हती.

मला हसू आवरेना. बाईंचं पेन वहीवर थांबलं होतं. "तुम्हीच सांगा," त्या मला म्हणाल्या, "वापरता येते की नाही?"

नाही म्हटलं असतं तर निभावलं असतं. बक्षीस समोर दिसत होतं, आणि मला ते हवंही होतं. पण 'आमच्या सुनेने केलंय' हे एवढ्या माणसांसमोर ऐकल्यावर मी ते खोटं पाडू? छे!

"येते," मी म्हणाले. "लिहा. चार तास गरम राहते."

बाईंनी लिहिलं, बाद.

"अगं वेडे," सासरेबुवा लंगडायचं विसरून तरातरा माझ्यापाशी आले, "मी सावरत आणलं होतं की!"