काका, बसा आता!

मी एक जुनी चादर आहे. डबल बेडची, सुती, मूळची पांढरी. आपली कहाणी सांगायला बसलेली कुठलीही वस्तू आधी आपल्या जन्माचे गोडवे गाते. मित्रांनो, माझ्याकडे तसलं काही नाही. गिरणीत माझ्यासारख्या शेकडो रोज निघायच्या, त्यातली मी एक. मला विकत घेतलं ते इस्पितळाच्या धुलाईघरात काम करणाऱ्या एका बाईनं. तिनं मला बोटांत चुरगाळलं, उजेडात धरलं आणि म्हणाली, "ही टिकेल." आयुष्यात मिळालेली ती पहिली शाबासकी. पुढे जे काही माझ्यावर लिहिलं गेलं, त्याला मी शाबासकी म्हणत नाही.

बाईचा नवरा पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवतो. हात चांगला आहे, हे मी नाकारत नाही. अक्षराला सावली द्यावी तर त्यानंच. पण तोंड! सात वर्षं तो माझ्यावर झोपला आणि घोरला, आणि घोरत नसेल तेव्हा हॉकीवर बोलला. जन्मात स्टिक हातात धरलेली नाही, तरी कोणी कुठे उभं राहायला हवं होतं हे त्याला सामना संपल्यावर बरोब्बर कळायचं. त्याचे दोन दोस्त होते. एक विमा विकायचा, दुसरा औषधांच्या दुकानात असायचा. पेंटर बोलला की विमावाला मान डोलवायचा, आणि विमावाल्यानं डोलवली की औषधवाला डोलवायचा. तिघं मिळून स्वतःला 'जाणकार' म्हणवून घ्यायचे.

शहराच्या संघात एक सेंटर हाफ होता. मैदानाच्या मधोमध उभं राहून पुढच्यांना चेंडू पुरवायचा आणि मागच्यांच्या चुका निस्तरायच्या, हे त्याचं काम. पंधरा वर्षं त्यानं ते मुकाट्यानं केलं. गोल झाला की लोक गोल मारणाऱ्याच्या नावानं नाचायचे. चेंडू त्याच्यापर्यंत पोचवला कुणी, हे विचारायला कुणालाच फुरसत नव्हती. मग एका मोसमात त्याचा गुडघा दुखायला लागला. एका सामन्यात विशीतला एक पोरगा त्याच्या शेजारून चेंडू घेऊन सुसाट गेला आणि शहराचा संघ हरला. बस्स, एवढं पुरलं. पेंटर बाकावर उभा राहून ओरडला, "काका, दमलात का?" सगळा स्टँड खो खो हसला, आणि त्या दिवसापासून त्या माणसाचं नाव काका पडलं.

मित्रांनो, तेव्हा काका सदतीस वर्षांचे होते आणि पेंटर चव्वेचाळीसचा. घराचा एक मजला चढताना पेंटर दोनदा थांबतो. कठड्याला धरून, खिशात किल्ली शोधल्याचं नाटक करत.

पुढच्या रविवारी बाई कामावर गेली होती. पेंटरनं मला पलंगावरून ओढलं, जमिनीवर पसरलं, चार कोपऱ्यांवर रंगाचे डबे ठेवले आणि लाल तेलरंगात दोन फुटी अक्षरं काढली: 'काका, बसा आता!' अक्षरांना काळी सावली दिली. उद्गारचिन्हाच्या टिंबालासुद्धा दिली. आणि मग, वीस वर्षांच्या सवयीनं, हात आपोआप खालच्या उजव्या कोपऱ्यात गेला आणि तिथे त्यानं दुकानाचं नाव आणि फोन नंबर लिहून टाकला. माणूस दुसऱ्याची अब्रू चव्हाट्यावर काढतो आणि खाली स्वतःचा पत्ता देतो! इतका बिनडोकपणा मी गिरणीतल्या भंगारातसुद्धा पाहिला नव्हता.

मला मैदानाच्या कठड्याला बांधलं. लोक पोट धरून हसले. काकांनी एकदा वर पाहिलं. नीट, सावकाश, शेवटपर्यंत वाचलं. मग वाकून एक मोजा वर ओढला आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले. मला तोंड लपवायलाही जागा नव्हती. उरलेला मोसम मी दर सामन्याला तिथेच लटकत होते. तो संपला, तसं संघाच्या समितीनं काकांना दोन ओळींचं पत्र दिलं. त्यातली एक ओळ तारीख होती.

घरी बाईनं मला पाहिलं तेव्हा काय झालं ते सांगते. ही तिची आवडती चादर. ती मोसमभर कपाटं शोधत होती, आणि मी सापडले रंगाच्या डब्यांमागे.

"अहो, ही माझी चादर ना?"

"अगं, लोकभावना आहे ती."

"लोकभावना स्वतःच्या शर्टावर लिहायची होती."

तिनं मला रॉकेलनं घासलं, धुलाईघरात नेऊन उकळलं. इस्पितळाच्या चादरींवरचे सगळे डाग तिच्या हाताखालून निघतात. हा निघाला नाही. मग तिनं मला कपाटावर घडी करून ठेवलं आणि नवऱ्याला सांगितलं, "त्या माणसाची माफी मागा. तोवर या गादीवर चादर येणार नाही."

पेंटर हसला. बाई हसली नाही. स्वतःसाठी तिनं खाली सतरंजी घातली. पेंटर उघड्या गादीवर झोपायचा आणि सकाळी गालावर गादीच्या शिवणी उमटवून दुकानात जायचा. 'चुकलो' हे तीन अक्षरांचं काम. पाटीवर लिहायला त्याला पाच मिनिटं लागली असती, पण तोंडातून निघायला वर्ष गेलं तरी निघेना. मी कपाटावरून सगळं बघत होते. मला त्याची कीव यायची, असं मी म्हटलं असतं, पण खोटं कशाला बोलू?

इकडे काका नदीपलीकडे गेले होते. तिथे पंपांच्या कारखान्याचा संघ होता, गुणतक्त्यात वर्षानुवर्षं तळाला. त्या लोकांनी काकांना मधून काढून मागे उभं केलं. पळायचं काम पोरांचं, बघायचं काम काकांचं. काका चेंडूच्या आधी जागेवर पोचायचे. पळून नव्हे, ओळखून. दहा सामन्यांत सात जिंकले. कारखान्याची माणसं पण वेगळीच. फिटर, कॅन्टीनच्या मावशी, त्यांची लेकरंबाळं, सगळी रिकामे पत्र्याचे डबे बडवायची. तीही त्यांना काकाच म्हणायची. "काका, सावकाश! पोरांना पळू द्या की!" शब्द तोच, पण घरातल्या माणसाला मारावी तशी हाक. मी हे पुढे स्वतःच्या कानांनी ऐकलं, आणि माझा ताठा थोडा उतरला.

आता गंमत बघा. काकांचं नाव होऊ लागलं, तशी शहरातली माणसं पूल ओलांडून तिकडे जाऊ लागली. जाणकार तर सगळ्यांच्या पुढे.

"मी पहिल्यापासून म्हणत होतो," पेंटर म्हणाला, "या माणसाची जागा मागे आहे."

"म्हणत होतास," विमावाला म्हणाला.

"मी साक्षीला आहे," औषधवाला म्हणाला.

सरडे बरे. ते निदान गप्प राहून रंग बदलतात.

शहराचा संघ पंपवाल्यांच्या मैदानावर खेळायला येणार होता. पेंटरनं मला कपाटावरून काढलं. नवीन कापड आणायला गेला असता तर बायकोला कळलं असतं, आणि तिनं विचारलं असतं की आधी माफीचं काय. म्हणून त्यानं माझी उलटी बाजू वर केली, पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले आणि निळ्या अक्षरांत लिहिलं: 'काका, तुम्ही आमचा अभिमान!' मी पुठ्ठ्यासारखी कडक झाले. खाली कोपऱ्यात पुन्हा दुकानाचं नाव आणि नंबर. सवय जाते कुठे?

या वेळी मला दोन काठ्यांना ठोकलं होतं. काका जिंकले की उंच करायचं, असं ठरलं. सामना दोन-एकवर आला, पंपवाले पुढे. शेवटच्या मिनिटाला शहराच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला. फटका सणसणत आला आणि काकांनी तो गोलरेषेवर, दुखऱ्या गुडघ्यावर टेकून, स्टिकनं अडवला. शिट्टी झाली. डब्यांचा नुसता दणदणाट! जाणकारांनी मला घाईघाईनं उलगडलं, समोर निळी अक्षरं दिसताहेत याची तिघांनी खात्री केली आणि मला उंच धरलं.

निळी अक्षरं त्यांना दिसत होती. म्हणजे मैदानाला काय दिसत असेल?

डबे थांबले. "अहो, उलटं धरलंय!" कॅन्टीनच्या मावशी मैदानापलीकडून ओरडल्या. तिघांना ती वाहवा वाटली. ते आणखी जोरात हलवू लागले. दुसऱ्याचं कौतुकसुद्धा स्वतःलाच वाचता येईल असं धरणारी ही माणसं. काकांनी वर पाहिलं. नीट, सावकाश, शेवटपर्यंत वाचलं. आणि वाकून मोजा वर ओढला. त्या क्षणी मी फाटले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेंटरचा फोन वाजला. "पेंटरसाहेब का? तुमच्याकडे एक काम होतं. घरी येऊ?"

तासाभरात काका दारात उभे. बाई घरीच होती. मला धुवायचं की जाळायचं, ते ठरवत होती. पेंटरचा चेहरा चुन्यासारखा झाला. त्यानं गडबडीत खुर्ची ओढली, हातानं झटकली आणि पाहुण्याला जे म्हणतात तेच म्हणाला, "काका, बसा..."

शब्द बाहेर पडले. बाईनं कपाळाला हात लावला. मी तिच्या हातात होते, आणि माझ्यावर तेच लिहिलेलं होतं.

"बसतो की," काका म्हणाले. "पण पाचच मिनिटं. साडेपाचला सराव आहे."

ते बसले. "आमच्या संघाच्या खोलीबाहेर पाटी हवीय. सगळ्या पोरांची नावं. राखीव पोरांचीसुद्धा, ती नेहमी राहून जातात. तुमचं अक्षर चांगलं आहे. दोन्ही बाजूंचं."

"नंबर... काल बघितलात?"

"काल? वर्षभर पाठ आहे मला. मैदानातून दर सामन्याला दिसायचा."

बाईनं पेंटरकडे अशी नजर टाकली की मी त्याच्या जागी असते तर आपोआप घडी झाले असते. शेवटी त्याच्या तोंडून तो शब्द निघाला. दोन फुटी अक्षरं काढणाऱ्या माणसाचा आवाज मुंगीएवढा.

"काय म्हणालात?" काकांनी कानाला हात लावला. "वय झालं ना, ऐकू येत नाही."

"चुकलो!" पेंटर ओरडला. "चुकलो, काका!"

बाई उठली, कपाट उघडलं आणि कोरी चादर काढून गादीवर अंथरली. मग म्हणाली, "दादा, चहा घेऊनच जा." काकांनी उभ्याउभ्याच घेतला. निघताना त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ही देता का मला?"

मित्रांनो, तेव्हापासून मी नदीपलीकडे राहते. पेंटरची पाटी दाराबाहेर आहे, अठरा नावांची, सुबक. हो, खाली कोपऱ्यात नंबरही आहे. तुम्हाला माझं एकच सांगणं. चादर अंथरायला असते. कुणाविषयी काही म्हणायचंच असेल तर त्याच्या तोंडावर जाऊन म्हणा, आणि म्हणायच्या आधी एकदा स्वतःचा जिना चढून बघा. बाकी जाणकार अजून येतात, डबे बडवतात. उद्या काका एक चेंडू चुकले की हीच तोंडं फिरतील, हे मला पक्कं ठाऊक आहे. काकांनाही ठाऊक आहे.

सामन्याआधी ते मला खोलीत जमिनीवर पसरतात, लाल अक्षरं वर ठेवून. बरोबर मधल्या शब्दावर बसतात आणि गुडघ्याला पट्टी गुंडाळतात. शिट्टी झाली की उठतात.