सोबत्याची अट

शहापूरच्या माधवीला जन्मापासून दिसत नव्हतं, आणि या गोष्टीचा तिच्यापेक्षा जास्त त्रास लोकांनाच होत असे. सांबऱ्याकडच्या एका कंपनीत ती फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायची, आणि त्या कामात तिची बरोबरी करणारं तिथं कोणी नव्हतं. अडचण फक्त पोचायची. बस दाराशी यायची नाही, रोजची रिक्षा पगाराला परवडायची नाही. राहिला धाकटा भाऊ ओमकार आणि त्याची स्कूटर. ओमकारची सकाळ त्याच्या मर्जीनं उजाडायची. शेवटी मॅनेजरनं सांगून टाकलं, आता परत उशीर झाला तर दुसरीकडं बघा.

म्हणून शहापूर ते सांबरा बिनड्रायव्हरची गाडी सुरू होणार असं कळलं, तेव्हा माधवीला सरकारबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं. तिनं नियमांचा मसुदा मोबाइलकडून वाचून घेतला. त्यात एक कलम निघालं: दिव्यांग प्रवाशासोबत धडधाकट सोबती असणं बंधनकारक. म्हणजे कोट्यवधी खर्चून ड्रायव्हर काढला, आणि त्याच्या जागी ओमकारला बसवला. धन्य त्या डोक्याची!

हे एवढं कलम काढा, हे सांगायला ती सांबऱ्याला गाडीचे नियम ठरवणाऱ्या समितीच्या सभेला गेली. आमंत्रण होतं तिला, 'दिव्यांग प्रतिनिधी' म्हणून. मंडपात आधी गाडीनं पहिल्यांदा कन्नडमध्ये बोलावं की मराठीत, यावर भांडण जुंपलं. ज्यांना स्वतःच्या पायांनी कुठंही जाता येत होतं ते सगळे गाडीच्या जिभेसाठी घसा फोडत होते. ते थंडावल्यावर माधवीचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, हार. तिनं माइकसाठी हात पुढं केला.

"मला बोलायचं हाय."

"बोला की आक्का, बोला," पुढारी मारुतीराव म्हणाले, "पन आदी फोटो होऊ दे." फोटो झाला आणि माइक पुढच्या सत्काराला गेला.

मग गाडीची पूजा. पूजेशिवाय मारुतीरावांनी कधी सायकलसुद्धा दारात उभी केली नव्हती. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, झेंडूचा जाडजूड हार गाडीच्या तोंडावर चढला आणि हळद-कुंकू तर मुठीमुठीनं फासलं. शहापूरपर्यंतच्या पहिल्या चाचणीची प्रवासी म्हणून माधवी आत बसली होती. तिला उघड्या दारातून कापराचा वास येत होता. तिचा धडधाकट सोबती बाहेर गाडीसोबत सेल्फी काढण्यात गुंग होता.

"अडथळा आहे. गाडी थांबली आहे," गाडी म्हणाली. आधी कन्नडमध्ये, मग मराठीत. त्यापलीकडं ती जागची हलेना.

गाडीबरोबर बेंगळुरूहून आलेला इंजिनिअर राजकुमार धावत आला. "कॅमेऱ्यावर हार आहे सर, हळद आहे. गाडीला काही दिसत नाही. पुसायला पाहिजे."

"पूजा पुसायची?" मारुतीराव कडाडले. "अपशकुन करतोस व्हय रं? ढकला गाडी! फोटोपुरतं तर जाईल."

दहाबारा जण मागून ढकलायला लागले. आणि समितीच्या साहेबांनी माइक हातात घेतला. "बघितलंत? म्हणूनच सोबती लागतो. या भगिनी एकट्या असत्या, तर काय झालं असतं?"

माधवीच्या अंगाचा तिळपापड झाला. अडली होती गाडी, ढकलत होते डोळस, आणि असहाय म्हणे ती! ती खाली उतरली, हातानं गाडी चाचपत पुढं आली आणि तो हार ओढून खाली टाकला.

"कुठं हाय वो कॅमेरा?"

"वर मॅडम... अजून वर," राजकुमार पुटपुटला.

तिनं खांद्यावरची सत्काराची शाल काढली आणि काच खसाखसा पुसली. "घे गं बाई," ती गाडीला म्हणाली, "तुला तरी दिसू दे." आत बसून तिनं दार लावलं. चाकाखालची लिंबं चिरडत गाडी निघाली.

"आक्का! थांब!" ओमकारनं स्कूटरला किक मारली. पाठीमागं मारुतीराव बसले. विमानतळाच्या रस्त्याला ते गाडीच्या मागं होते, शहरात शिरल्यावर गर्दीत अडकले. गाडी बापडी सिग्नलला थांबली, म्हशींना वाट दिली आणि शहापुरात गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. माधवी उतरली, काठीनं घर गाठलं आणि पायरीवर बसली. आयुष्यात पहिल्यांदा ती एकटी एवढ्या लांबून आली होती. तिला रडू आलं, आणि आजूबाजूला कोणी नाही म्हणून तिनं ते येऊ दिलं.

बऱ्याच वेळानं ओमकार धापा टाकत आला. "तुला काय झालं असतं म्हंजे?"

"किल्ली दे घराची. लई उशीर लावलास."

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. आवाजात तूप होतं. "चाचणी यशस्वी म्हणून कळवलंय, ताई. फक्त तुमचे बंधू सोबत होते असं लिहिलंय. नाहीतर नियम मोडल्याबद्दल सगळेच अडकू."

"व्हता की सोबत. गाडीच्या मागं, स्कूटरवर. तसं लिवा."

साहेब मनापासून हसले. तसं काही लिहिलं गेलं नाही. उलट सोबत्यामुळंच चाचणी पार पडली असा समितीचा निष्कर्ष निघाला आणि कलम कायम झालं. काचेवर हळद फासू नये, असं मात्र कुठंच आलं नाही. लोकांच्या भावना होत्या ना!

सोमवारी गाडी सुरू झाली. माधवी वेळेच्या आधी जेवणाचा डबा घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभी होती. गाडी वेळेवर आली, दार उघडलं. "दिव्यांग प्रवासी. कृपया सोबत्यासह बसावे," ती आधी कन्नडमध्ये आणि मग मराठीत म्हणाली.

सोबती अजून अंथरुणात होता.