निळ्या बशीचा गोलकीपर

“देव एखाद वेळेस विसरेल, पण आकडा विसरत नाही,” असं डॉ. एव्हरेट सॅन्डविक म्हणाले, आणि टॅमरॅक फॉल्समधल्या रेइनो लाहतिनेनच्या पास्टीच्या दुकानातल्या सगळ्या माना डोलल्या. मग डॉक्टरांनी समोरच्या ताटलीकडे पाहून हळूच विचारलं, “ही माझी दुसरी, का तिसरी?”

“तिसरी,” रेइनो म्हणाला. मैद्याच्या जाड पारीत बटाटा आणि मांस ठासून भरलेली, तळहाताएवढी गरम पास्टी त्यानं पुढे सरकवली. पैशाचा विषयच नव्हता. त्रिकाळ जाणणाऱ्या माणसाला कोणी बिल देतं का.

बाहेर लेक सुपीरियर सरोवरावरचा वारा कान कापत होता आणि आत उभं राहायला जागा नव्हती. रविवारी चर्च सुटलं की गाव थेट इथं यायचं, कारण रविवारी डॉक्टर आपला ‘महागुणांक’ जाहीर करत. गावात एक लहानसं कॉलेज, कॉलेजात मुलींचा आइस हॉकीचा संघ, आणि त्या संघाला राष्ट्रीय स्पर्धेत बोलावणार की नाही, हे ठरणार देशभरातल्या क्रमवारीवरून. सगळे संघ सगळ्यांशी खेळत नाहीत. म्हणून तुम्ही कोणाला हरवलंत आणि त्यांनी पुढं कोणाला हरवलं, असा हिशेब मांडून क्रम लावतात. परिणामी ज्यांना या शुक्रवारी शिव्या घालून हरवायचं, तेच पुढच्या शुक्रवारी जिंकावेत म्हणून देव पाण्यात घालून बसायचं. त्यांचा भाव वाढला की आपल्या विजयाचा वाढतो. शत्रूच्या भरभराटीसाठी इतक्या मनापासून प्रार्थना करणारं गाव जगात दुसरं नसेल.

पण हा हिशेब कोणालाही करता येतो, आणि कोणालाही करता येतं त्याला चमत्कार कोण म्हणणार? महागुणांकाची गोष्ट वेगळी होती. त्यात बसचे मैल होते, थंडी होती, रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या बंदिस्त मैदानाच्या, छताची उंची होती. डॉक्टर नेमके कशाचे, हे कोणी विचारलं नव्हतं. पूर्वी ते बर्फ उडवायची यंत्रं विकत, आणि यंत्रं चांगली चालत, एवढंच ठाऊक होतं.

“या मोसमातले शंभरातले त्र्याण्णव निकाल माझ्या गुणांकात चपखल बसतात,” डॉक्टर म्हणाले. “मी काही सांगत नाही, मंडळी. मी नुसता नळ आहे. पाणी वरून येतं.”

“शनिवारचं काय म्हणतंय पाणी?” संघाच्या कोच बेव्ह हॅलोरन यांनी विचारलं. शनिवारी मोसमातला शेवटचा सामना, घरच्या रिंकवर. जिंकलो तर निमंत्रण, हरलो तर पुढच्या वर्षीच्या गप्पा.

डॉक्टरांनी डोळे मिटले. “उजवा हात,” ते म्हणाले. “उजव्या हातानं पकची चकती झेलणारी गोलकीपर, ठेंगणं छत, आणि शनिवार. गुणांक तिच्यावर रुसलाय.”

सगळ्या माना रेइनोकडे वळल्या. गोलकीपर सहसा डाव्या हातानं झेलतात; उजव्या हातानं झेलणारी गावात एकच होती, त्याची मुलगी कर्स्टी. कॉलेजचं तिचं हे शेवटचं वर्ष.

रेइनो हा गुणांकाचा पहिला भक्त. डॉक्टरांना या टेबलाशी त्यानंच आणून बसवलं होतं. आता देवानं नैवेद्यात त्याचीच पोर मागितली, आणि नाही कसं म्हणायचं, हे भक्ताला सुचेना.

“पोरगी चांगलीच आहे रे,” कोच जाता जाता म्हणाल्या. “पण आकडाच असं म्हणतोय म्हटल्यावर…”

संध्याकाळी कर्स्टी स्वयंपाकघरात येऊन बसली. “बाबा, मी काय वाईट खेळले?”

“नाही गं. पण तुझा तो हात…”

“हात जन्मापासूनचा आहे. मागचे सामने जिंकले तेव्हाही हाच होता.”

रेइनोची बायको मार्लिस हायस्कुलात गणित शिकवायची. तिनं कपबशा विसळता विसळता विचारलं, “गेल्या शनिवारी आपण हरलो. तुझे डॉक्टर काय म्हणाले होते?”

“जिंकू म्हणाले होते.”

“मग?”

“मग त्यांनी गुणांकात हाताची भर घातली. आता तो सामना बरोबर येतो.”

“काय बोललास ते स्वतः एकदा ऐक.”

रेइनोनं ऐकलं. त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही.

त्या आठवड्यात दोन गोष्टी मात्र त्याच्या ध्यानात आल्या. दुकानातल्या पास्ट्यांच्या तुटक्या कडा नाहीशा होत होत्या, आणि घरचा काळा कुत्रा मुस्टी रात्रीच्या जेवणाकडे पाठ फिरवून झोपत होता.

बुधवारी मार्लिसनं डॉक्टरांना एका लीगचे निकाल नेऊन दिले. “उत्तरेकडची आहे. तुमच्या गुणांकाला काय दिसतं, बघा ना.” डॉक्टरांनी बसचे मैल विचारले, गोलकीपरांचे हात विचारले. तिनं सगळं दिलं. गुरुवारी दुकान पुन्हा भरलं.

“एक्याण्णव टक्के,” डॉक्टर उभे राहून म्हणाले. “एक्याण्णव टक्के निकाल बसले. परका देश, परकं बर्फ, पण नियम तोच. हा एल्क लेकचा संघ पाहा. बाहेरगावी वाघ, घरी शेळी. का? गोलकीपर उजव्या हाताचा. दडपण आलं की खचतो बिचारा.”

“त्यांना गोलकीपर नाही,” मार्लिस म्हणाली.

“असं कसं होईल?”

“संघच नाही. एल्क लेक ही आमच्या घरची निळी बशी आहे.”

कोणाला काही कळेना. मार्लिसनं सावकाश सांगितलं. सामन्यागणिक दोन बशा, दोन्हींत पास्टीच्या कडेचा सारखाच तुकडा. मुस्टी आधी जिथं तोंड घालेल तो संघ जिंकला. बसचे मैल आणि गोलकीपरांचे हात तिनं चहा पिता पिता मनानं भरले होते.

मागं कोणीतरी फिसकन हसलं. डॉक्टरांनी घसा साफ केला. “कुत्र्याच्याही वागण्यात नियम असतो, बाई.”

“असेल. मग पुढचे सामने आधी सांगा.”

डॉक्टरांनी भाकितं लिहून दिली, कर्स्टीनं बशा मांडल्या आणि मुस्टीला आत आणलं. निम्मी बरोबर आली, निम्मी चुकली. खिशातलं नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती. एका सामन्यात तर मुस्टीनं दोन्ही संघांना नाकारून डॉक्टरांच्या ताटलीत तोंड घातलं. त्या निकालाची तरतूद कोणत्याच गुणांकात नव्हती.

लग्न लागल्यावर पत्रिका जुळवली, तर छत्तीसच्या छत्तीस गुण जुळवता येतात. डॉक्टरांची विद्या ती हीच. भाकीत चुकलं की नवा मसाला घालायचा, आणि चूक पोटात घेऊन गुणांक पुन्हा गुबगुबीत.

“क्रमवारीचा यात दोष नाही,” मार्लिस म्हणाली. “कोणी कोणाला हरवलं याचं ते वजन आहे. तराजू हाती आलेल्या पिकाचं वजन सांगतो. पुढच्या पिकाचा अंदाज करा की, पण सामन्याच्या आधी सांगा, आणि चुकलात तर चूक जपून ठेवा, पुसू नका. जो कधीच चुकत नाही, त्याला आधी विचारा, की हे तू कधी सांगितलंस? एवढं विचारायला गणित लागत नाही.”

डॉक्टरांनी समोरचा लॅपटॉप मिटला. “मला खरंच वाटायचं हो, की ते बसतंय,” ते म्हणाले, आणि त्या आवाजात ढोंग नव्हतं.

“कर्स्टी खेळेल,” कोच म्हणाल्या. “मी तिला चार वर्षं या डोळ्यांनी बघतेय, आणि विचारत बसले कोणाला?”

मंडळी माना डोलवत पांगली. इतकं सोपं होतं, आम्हाला आधीच शंका होती, असं जो तो दुसऱ्याला सांगत होता. कर्स्टी सरावाला पळाली. रेइनो मात्र मोरीपाशी उभा राहून निळी बशी पुसत होता, पुसून झाली तरी पुसत होता.

“पटलं ना?” मार्लिसनं विचारलं.

“शंभर टक्के पटलं. डोळे उघडले माझे.” त्यानं कोणी ऐकत नाही ना, ते पाहिलं. “फक्त एक, मार्लिस. शनिवारी सकाळी मुस्टीला उपाशी ठेवशील का? एकच सामना घेऊ. नुसता आपला संदर्भाला.”