घराचं पोट

फरच्या फांद्यांचा चौथा भारा ओढत लुदिवीन घराच्या उत्तर अंगाला आली, तेव्हा चिकानं तिची बोटं एकमेकांना चिकटत होती. ऑक्टोबर अर्धा सरला होता. बटाटे निघाले होते, शेतं काळी उघडी पडली होती, आणि नदीपलीकडून, कॅनडाच्या बाजूनं येणाऱ्या वाऱ्याला आता दात आले होते. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या या उत्तर टोकाला पहिला बर्फ पडायच्या आत घराला बांध घालतात. पायाच्या चारी बाजूंनी पेंढ्याचे गठ्ठे नाहीतर फरच्या फांद्या कमरेइतक्या दाबून लावायच्या, म्हणजे गारठा खालून आत शिरत नाही. ज्याचं घर उघड्या पायानं हिवाळ्यात उभं राहिलं त्याचे नळ फुटले, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

दरवर्षी पेंढ्याचे साठ गठ्ठे तिचा भाऊ रोझेर आणून टाकायचा. यंदाही तो आला. गाडीच्या हौद्यात गठ्ठे शिगोशीग भरलेले होते. पण त्यानं गाडी रस्त्यावरच उभी केली, काच खाली केली आणि बहिणीचं काम बघत बसला.

"ह्ये गठ्ठं कुनासाठी?" तिनं विचारलं.

"इकायला. साडेचार डॉलरला येक."

"बाबा असताना फुकट यायचं."

"बाबाला यायचं. तुला कदी आल्तं?" त्यानं दात कोरत म्हटलं. "आन् म्या फुकट दिलं तर तुजंच नुस्कान. मदत घेतली की घर गेलं. कागदात तसंच लिवलंय न्हवं?"

लुदिवीननं फांदी पायानं दाबली आणि त्याच्याकडं पाठ केली. कागदात तसंच लिहिलं होतं, हे खरं होतं.

त्यांचा बाप ओनेझीम थेरियो एप्रिलच्या चिखलात गेला. जमीन आणि टेकडीच्या पोटातली बटाट्याची वखार त्यानं दहा वर्षांपूर्वीच रोझेरला देऊन टाकली होती. राहिलं होतं घर. त्याबद्दल म्हाताऱ्यानं मृत्युपत्रात चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. सगळ्या संतांच्या सणाला, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, लुदिवीननं घराचा वर्षाचा खर्च वहीत मांडून त्याच्या बहिणीला, अझिल्डाला, दाखवावा. आपल्या कमाईत, कुणापुढं हात न पसरता, घर राखता येईल असं अझिल्डाला पटलं तर घर लुदिवीनचं. नाही पटलं तर घर विकावं आणि पैसे दोघांनी अर्धे अर्धे घ्यावेत.

रोझेरनं गिऱ्हाईक तर मे महिन्यातच बघून ठेवलं होतं. दक्षिणेकडचा कुणी पैसेवाला, हिवाळ्यात चार दोस्त घेऊन बर्फावर गाड्या पळवायला येणारा. नव्वद हजार द्यायला तयार होता. अर्ध्या पैशात रोझेरला बटाटे काढायचं नवं यंत्र दिसत होतं. लुदिवीनला तिच्या अर्ध्यात गावातल्या धोबीखान्यावरची भाड्याची खोली दिसत होती. वय चोपन्न. आधी आईच्या आणि मग बापाच्या उशापायथ्याला चौदा वर्षं तिनं याच घरात काढली होती. आईचं अंथरूण धुतलं होतं, बापाला घास भरवला होता. रोझेर नाताळला यायचा.

"येक येक दिवा मोज, लुदे," गाडी सुरू करता करता तो म्हणाला. "आत्या म्हातारी झाली आसंल, पर म्या बसनार हाय शेजारी. येक दिवा चुकला तरी धरीन."

अझिल्डा आत्या शहाऐंशीची होती. अर्ध्या खोऱ्याला तिनं बेरीज-वजाबाकी शिकवली होती, आणि उरलेल्या अर्ध्याला तिच्या विद्यार्थ्यांनी. लुदिवीन रविवारी वही घेऊन तिच्याकडं जायची. आत्या उत्तर सांगायची नाही. वही उलट्या बाजूनं वाचायची आणि एखादाच प्रश्न विचारायची.

पहिल्या रविवारी लुदिवीननं मोठ्या समाधानानं आकडे पुढं ठेवले. शाळेच्या स्वयंपाकघरात तिला जो पगार मिळायचा, त्यातून खाणं, गाडी, औषधं आणि चर्चची पेटी वजा जाता घरासाठी वर्षाला नऊ हजार डॉलर निघत होते. खर्चात तिनं घर तापवायचं तेल आणि लाकूड धरलं होतं, गावचा घरपट्टीचा कर, विमा, वीज धरली होती. बेरीज आठ हजार पन्नास. म्हणजे साडेनऊशे शिल्लक.

"छान," आत्या म्हणाली. "बर्फ कोण काढणार?"

बर्फ रोझेर काढायचा, ट्रॅक्टरनं. लुदिवीननं पाचशे लिहिले. धुराडं? ते चुलतभाऊ साफ करायचा आणि डुकराची मांडी घेऊन जायचा. आता डुक्कर नव्हतं, म्हणून दीडशे. मैल्याची टाकी तीन वर्षांनी एकदा उपसावी लागते. त्याला तीनशे.

"यंदा न्हाई उपसायची," लुदिवीन म्हणाली. "मग कशाला धरू?"

आत्यानं बरणीतून राजम्याचे दाणे काढून टेबलावर मांडले. वीस दाण्यांची एक रांग. "हे तुझं छप्पर. बारा हजारांचं आहे, वीस वर्षं टिकतं. ते दरवर्षी तुझ्याकडं एक दाणा मागतं, पण मुकं असल्यामुळं तुला ऐकू येत नाही. तू देत नाहीस. मग विसाव्या वर्षी ते सगळे दाणे एकदम मागतं, आणि तेव्हा लोक म्हणतात, नशीब फुटलं. नशीब नव्हे पोरी. छप्पर फुटतं."

लुदिवीननं छपराचे वर्षाला सहाशे लिहिले. टाकीचे शंभर. तळघरातल्या भट्टीचे चारशे. विहिरीच्या पंपाचे दोनशे. पेन्सिल टेकवून बेरीज केली. बरोबर दहा हजार.

तिच्याकडं नऊ होते.

"घर पाहावं बांधून म्हणतात," आत्या दाणे बरणीत भरत म्हणाली. "बांधणाऱ्याला एकदाच घाम फुटतो. राखणाऱ्याला दरवर्षी."

"तू खोटं खोटं पटलं म्हनून सांगशील का, आत्या?"

"नाही," आत्या म्हणाली. बोलणं तिथंच संपलं.

त्यानंतर आठवडाभर लुदिवीननं खर्चाच्या अंगावरून चाकू फिरवला. तेलातले शंभर कापले, वरच्या दोन खोल्या बंद करून. विमावाल्याशी तासभर भांडून चाळीस. चर्चच्या पेटीला हात लावायला गेली आणि लाजून मागं आली. गावात रोझेर सांगत फिरत होता की आमची लुदे आता मेणबत्त्या मोजती. दुकानात एकीनं हसत विचारलं, घर कधी खाली करणार? लुदिवीननं यीस्टची पुडी घेतली, सुटे पैसे मोजून घेतले आणि म्हणाली, तुझ्या जिभेला हाड आलं की.

मग ऑक्टोबरचं विजेचं बिल आलं. दोनशे चौसष्ट डॉलर.

ती ते बिल हातात धरून उभीच राहिली. उन्हाळाभर तिनं बिलं भरली होती. जून नव्वद, जुलै अठ्ठ्याऐंशी, ऑगस्ट ब्याण्णव. वहीतला वर्षाचा दोन हजार नऊशेचा आकडा बापाच्या जुन्या बिलांवरून घेतलेला होता, आणि त्या बिलांत हिवाळा तिपटीनं चढलेला दिसत होता. तेव्हा तिला वाटलं होतं, दिवस लहान, दिवे जास्त, म्हाताऱ्याला थंडी वाजते. पण म्हातारा आता नव्हता. वरच्या खोल्या बंद होत्या. आठ वाजता ती अंथरुणात असायची. मग हे कोण खात होतं?

शनिवारी सकाळी तिनं घरातला एकेक खटका खाली केला. फ्रीज बंद, पंप बंद, भट्टी बंद. शेवटी विजेच्या पेटीचा मोठा खटकाही पाडला. घर मेल्यासारखं गप्प झालं. मग ती अंगणातल्या खांबाशी जाऊन मीटरकडं बघू लागली.

मीटर पळत होतं.

खांबावर, मीटरच्या खाली, एक गंजकी पेटी होती. तिनं ती हातोडीनं ठोकून उघडली. आत दोन खटके. एकाची तार घराकडं गेली होती. दुसऱ्याची काळी तार कुंपणाच्या खांबांना धरून, रानगुलाबाच्या जाळीतून, टेकडीकडं गेली होती. लुदिवीन त्या तारेच्या बाजूनं चालत गेली. तार वखारीच्या भिंतीत शिरली होती. आत रोझेरचे तीन हजार पिंपं बटाटे होते, आणि त्यांना हवा देणारे पंखे घरघरत होते. सप्टेंबरच्या शेवटापासून मेपर्यंत ते चालतात. ती घरघर ती लहानपणापासून ऐकत आली होती. नदीचा आवाज ऐकावा तशी.

वखार बापाची होती तेव्हा बापानं घरातून तार ओढली होती. वखार पोराला दिली, तार तशीच राहिली. म्हाताऱ्यानं कधी सांगितलं नाही आणि रोझेरला कधी बिल आलं नाही. ज्याचं बिल येत नाही, ते माणूस हवेसारखं वापरतो.

ती परत आली आणि दुसरा खटका खाली ओढला. टेकडीवरची घरघर थांबली. अशी शांतता तिथं हिवाळ्याच्या तोंडावर तिनं कधी ऐकली नव्हती. आठवडाभर असंच राहिलं तर बटाटे घामेजतील, मग काळे पडतील, मग रोझेरला नवं यंत्र सोडा, जुन्याचं तेलही परवडणार नाही. गाडीत बसून दात कोरणारा त्याचा चेहरा तिला दिसला. ती थोडा वेळ खटक्यावर हात ठेवून उभी राहिली. खांद्यात कळ येईपर्यंत उभी राहिली.

मग तिनं खटका वर केला. बटाट्यांनी तिचं काही वाकडं केलं नव्हतं.

सणाच्या दिवशी प्रार्थनेनंतर तिघं आत्याच्या टेबलाशी बसली. आत्यानं प्लॉय, म्हणजे कुट्टूच्या पिठाची पिवळी धिरडी, करून फडक्याखाली ठेवली होती. कुणी हात लावला नाही. रोझेर बगलेत एक फुगलेलं पाकीट घेऊन आला होता.

आत्या एकेक ओळ मोठ्यानं वाचत गेली. छपराशी रोझेर हसला. वीस वर्षांनी लुदे कुठं आसंल, म्हणाला. विजेपाशी आत्या थांबली आणि तिनं आकडा पुन्हा वाचला. अकराशे.

रोझेर याच क्षणाची वाट बघत होता. त्यानं पाकीट टेबलावर उपडं केलं. "खोटं. ही बापाची पाच वर्सांची बिलं, कंपनीकडनं नकला काढून आनली. कुटलंबी वरीस काढ, दोन हजार नऊशेच्या खाली येक न्हाई. म्या म्हनलंच हुतं, ही लबाडी करनार. आत्या, ह्यातच वही मिटव."

"बिलं खरी हायेत," लुदिवीन म्हणाली. "तूच आनलीस ते बरं केलंस. आता उन्हाळा आन् हिवाळा येगळा कर."

"हिवाळ्यात वीज जास्तच लागती."

"कुनाला?"

मग तिनं सांगितलं. मीटर, गंजकी पेटी, काळी तार, कुंपण, वखार. आवाज न चढवता, जेवणाच्या वेळी शाळेतल्या पोरांना रांगेत उभं करावं तसं एकामागं एक. शनिवारी सकाळी दहा मिनिटं पंखे बंद होते ते तुला कळलं का, असंही विचारलं. रोझेरच्या मानेपासून कानापर्यंत रक्त चढत गेलं.

"ती बाबाची सोय हुती," तो शेवटी म्हणाला.

"बाबा कबरीत हाय. मीटर माज्या नावावर हाय."

आत्यानं चष्मा पुसला. बिलं उचलून तिनं दोन ढीग केले, उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा, आणि पेन्सिलीनं कडेला वजाबाकी मांडली. वेळ लागला, पण कुणी तिला घाई केली नाही. "खर्च आठ हजार साठ," ती म्हणाली. "हातात नऊ हजार. मदत कुणाची नाही. मला पटलं." तिनं वहीत सही केली आणि वही लुदिवीनकडं सरकवली. "रोझेर, तुझं गणित लहानपणीही असंच होतं. दुसऱ्याच्या पाटीवरची चूक तुला लगेच दिसायची."

तो उठला. दारापर्यंत गेला आणि तिथं अडकला. वखारीला वेगळं मीटर द्यायला वीजकंपनी नवा खांब बर्फ वितळल्याशिवाय रोवणार नाही, हे त्याला ठाऊक होतं, तिला ठाऊक होतं, आत्यालाही ठाऊक होतं.

"मे पतुर तार ऱ्हाऊ दे," तो दाराच्या कडीला म्हणाला.

"म्हैन्याच्या पैल्या तारखेला पैसं," लुदिवीन म्हणाली. "घरचं ब्याण्णव वजा करून, ऱ्हातील त्ये सगळं. पैल्याला न्हाई आलं तर दुसऱ्याला खटका खाली."

"सख्ख्या भावाला आसं बोलतीस?"

"पेंढ्याचा गठ्ठा साडेचारला देनाऱ्या भावाला."

एक डिसेंबरला गुडघाभर बर्फ होता. रस्ता वर्षाला पाचशे घेणाऱ्या माणसानं सकाळीच काढून दिला होता. रोझेरनं मात्र आपला ट्रॅक्टर तिच्या फाटकासमोरून मुद्दाम हळू नेला आणि काढलेल्या वाटेवर बर्फाचा ताजा वरंबा सोडून पुढं थांबला. मग चालत दारी आला. आत ये, असं ती म्हणाली नाही, तोही आला नाही. बिल दोनशे शहाण्णवचं होतं, घरचे वजा जाता दोनशे चार. त्यानं हातमोज्यातून वीस-वीसच्या दहा नोटा काढल्या आणि तिच्या हातावर ठेवल्या.

लुदिवीननं त्याच्या देखत मोजल्या.

"चार कमी हायेत."

"चार डॉलरसाठी दारात उभं करतीस? गाव थुंकंल."

"थुंकू दे. माजं घर चार चार डॉलरनंच चालतं."

त्यानं दात ओठ खाल्ले. मोजे काढले, कोटाची बटणं उघडली, आतल्या खिशात हात घातला. नाणी बोटांना सापडेनात, सापडली ती गारठलेल्या हातातून निसटत होती. दार सताड उघडं होतं. घरातली ऊब त्याच्या अंगावरून बाहेर अंगणात चालली होती, आणि तिचा प्रत्येक झोत तिच्याच तेलाच्या पैशातला होता. लुदिवीनला ते चांगलं कळत होतं. तरी चौथा डॉलर हातावर पडेपर्यंत तिनं दार लोटलं नाही.