अमेरिकेचा धडा

आयर्लंडमधल्या स्लायगोच्या शाळेत अलकनंदाला इतिहासाचे तास मिळाले ते कोलेट मॅकगोवन यांच्यामुळे. पुण्यात तिने बरीच वर्षं शिकवलं होतं, पण इथे त्या अनुभवाला कोणी फारसं विचारत नव्हतं. नवरा विवेक मेडिकल उपकरणांच्या कारखान्यात इंजिनीअर, त्याची नोकरी पक्की. हिची दर वर्षी नव्याने ठरायची. कोलेट इतिहास विभागाच्या प्रमुख. त्यांनी मुख्याध्यापकांपाशी शब्द टाकला आणि काम झालं.

२०२०च्या जुलैत, सगळे घरात अडकलेले असताना, दोघींनी एका ऑनलाइन प्रशिक्षणात नाव घातलं. अमेरिकेतलं एक कॉलेज ते शिक्षकांसाठी चालवत होतं. विषय होता वसाहतींपासून स्वातंत्र्ययुद्धापर्यंतची अमेरिका. शाळेत मुलांना कोणतीही एक क्रांती निवडून शिकवायची असते, आणि कोलेट वर्षानुवर्षं अमेरिकेचीच शिकवत आल्या होत्या.

शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाने एक पाठ घेऊन दाखवायचा होता. कोलेटनी आपला ठेवणीतला पाठ काढला : अमेरिकेतले पहिले गुलाम आयरिश होते. त्या बोलायला लागल्या की ऐकत राहावं असं बोलत. जहाजं, साखळ्या, आईपासून तोडलेली मुलं. पाठ संपला.

"कोणाला काही विचारायचंय?" प्रशिक्षक बाईंनी विचारलं.

अलकनंदाला वाटलं, यातली चूक बाई स्वतःच दाखवतील. त्या थांबून राहिल्या. अलकनंदाने माइक सुरू केला.

"आमच्या कोकणातूनही माणसं मॉरिशसला गेली, गिरमिटावर, म्हणजे करारावर," ती म्हणाली. "फार हाल झाले त्यांचे. आयर्लंडच्या लोकांना तर जबरदस्तीनेही नेलं, ते खरंच आहे. पण करार कधीतरी संपायचा. त्यांची मुलं जन्मतःच मालकाची होत नव्हती. आफ्रिकेतून आणलेल्यांची होत होती. दोन्हींना एकच शब्द वापरला, तर मुलांना हा फरक कळणार कसा?"

कोलेट लाल झाल्या. "आमच्या घरात हे असंच सांगत आलेत," एवढंच त्या म्हणाल्या. प्रशिक्षक बाईंनी अलकनंदाचा मुद्दा उचलून पुढे चर्चा चालवली. कोलेटनी कॅमेरा बंद केला तो पुन्हा उघडला नाही.

"तुला काय गरज होती?" संध्याकाळी विवेक म्हणाला. "खाजगीत सांगायचंस."

"हो," ती म्हणाली. खाजगीत ती कधीच बोलली नसती, हे तिला ठाऊक होतं.

त्यानंतर कोलेटचा फोन आला नाही. मेसेजला 'ग्रँड', म्हणजे इथल्या भाषेत 'ठीक', एवढंच उत्तर यायचं. शाळा उघडायच्या आधी कोलेटनी तिला बोलावलं तेव्हा आपले तास गेले असं धरूनच ती निघाली. मास्क लावून दोघी स्टाफरूममध्ये लांब लांब बसल्या.

"तास तुझे तुला आहेतच," कोलेट म्हणाल्या. "पण यंदा अमेरिका नाही. फ्रान्सची क्रांती घेऊ."

"त्या दिवसामुळे?"

"त्यामुळेच. नंतर मी वाचलं सगळं. तुझं बरोबर होतं." त्या खिडकीकडे पाहत होत्या. "या गावातल्या निम्म्या लोकांना मी तो पाठ शिकवलाय. औषधाच्या दुकानातला तो पोरगा मला अजून म्हणून दाखवतो. आता लगेच वर्गात उभं राहून उलटं सांगायला माझी जीभ रेटणार नाही. एक वर्ष दे मला."

अलकनंदाला यावर म्हणण्यासारखं बरंच सुचलं. यंदाची मुलं तोच पाठ थोरल्या भावंडांकडून ऐकून येतील, हेही सुचलं. पण ते तिने त्या वेळी काढलं नाही.

"फ्रान्स येतं का तुला?" कोलेटनी विचारलं.

"फारसं नाही."

"मलाही नाही," कोलेट म्हणाल्या आणि कपाटातून धुळीने भरलेली पाठ्यपुस्तकं काढू लागल्या. अलकनंदा उठली, हातांना सॅनिटायझर लावलं आणि एकेक पुस्तक पुसायला घेतलं.